कॉटन लिहिलंय, तर कॉटनच द्या : ठाणे-नवी मुंबईच्या कापड दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका, वाशी, कोपरखैरणे, नेरुळ, बेलापूर इथले सर्व कापड दुकानदार, तयार कपड्यांचे आणि शालेय गणवेशांचे विक्रेते

सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की तुमच्या दारावर 'कॉटन सेल'चे फलक लागतात. आत कुर्त्यांच्या स्टँडवर 'कॉटन', चादरीच्या पिशवीवर 'ग्लेस कॉटन', साड्यांच्या गठ्ठ्यावर 'कॉटन सिल्क', शर्टाच्या कापडाच्या ताग्यावर 'कॉटन फिनिश'. त्यातल्या कितीतरी मालाचा एक धागा ओढून काडीला धरला की राख पडत नाही. धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळी कडक गोळी होते. ती गोळी पॉलिस्टरची, म्हणजे प्लास्टिकची असते. दरवर्षी हे वाढत चाललंय, आणि आता गप्प बसणं आम्हाला शक्य नाही.

आम्ही शिवणकाम करणारे, कापड तपासणीत काम केलेले आणि तुमच्याकडेच खरेदी करणारे लोक आहोत. तुमच्या काउंटरवर कापलेलं कापड दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर येतं. ते अंगाला चिकटलं, इस्त्रीने चमकलं, अस्तरात झोळ आला, की गिऱ्हाईक तुमच्याकडे जात नाही, शिंप्याकडे येतं. 'तुम्हीच बिघडवलंत' हे आम्ही ऐकून घेतो. म्हणून हे पत्र लिहिण्याचा हक्क आम्हाला आहे असं वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. पॉलिस्टर विकू नका असं आमचं म्हणणं नाही. छत्री, रेनकोट, दप्तर, पडदे, पोहण्याचा पोशाख यांना तेच कापड योग्य. ठाण्याच्या जुलैत चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा ते लवकर वाळतं हेही खरं. आमचं भांडण पॉलिस्टर सुताच्या नावाखाली विकण्याशी आहे, आणि सुती माल फळीवरून गुपचूप काढून टाकण्याशी आहे.

नावापासून सुरुवात करू. 'आम्हाला घाऊकवाल्या पार्टीने कॉटन म्हणूनच दिलं' हे उत्तर काउंटरवर नेहमी मिळतं. पण तुमच्या खरेदीच्या बिलावर जीएसटीसाठी एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा, असतो. त्याचे पहिले दोन आकडे 52 असतील तर कापड कापसाचं. 5208 आणि 5209 म्हणजे 85 टक्के किंवा त्याहून जास्त कापूस. 5210 म्हणजे कापूस जास्त, पण त्यात कृत्रिम धाग्याची भेसळ. 5407 म्हणजे सलग सिंथेटिक धाग्याचं कापड. 5513 म्हणजे सिंथेटिक जास्त आणि कापूस कमी. तयार मालातही हे कळतं : पुरुषांचा विणलेला सुती शर्ट 6205 20, कृत्रिम धाग्याचा 6205 30. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याने सरकारला काय सांगितलंय ते तुमच्या फायलीत आहे. तेच गिऱ्हाईकाला सांगताना 'कॉटन' कसं होतं, याचं उत्तर आम्हाला हवंय.

'कॉटन टच', 'कॉटन फील', 'कॉटन मिक्स' या शब्दांना काही अर्थ नाही. मिक्स म्हणजे किती? 60 टक्के की 10? टेरीकॉट विकलं जायचं त्या काळात निदान नावातच टेरीन, म्हणजे पॉलिस्टर, होतं. घेणाऱ्याला ठाऊक असायचं की यात टेरीन आहे, इस्त्री कमी लागेल आणि घाम जास्त येईल. आज तेच कापड टेरीन हा शब्द गाळून विकलं जातं. लिननच्या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या साड्या, खणाच्या नावाने निघालेले पॉलिस्टरचे ड्रेस, सेमी पैठणीतला 'सेमी' काढून ठेवलेली पैठणी, हे सगळं त्याच वाटेने आलंय. खण आवडतो म्हणून बाई ब्लाउज शिवायला टाकते आणि सुईखाली गेल्यावर कळतं की त्यात सूतही नाही, रेशीमही नाही.

चादरी. आमच्या मते सगळ्यात उघड फसवणूक इथे होते. 'ग्लेस कॉटन' लिहिलेल्या चादरींपैकी बऱ्याच बारीक पॉलिस्टर तंतूच्या, म्हणजे मायक्रोफायबरच्या असतात. हाताला थंड आणि गुळगुळीत लागतात, रंग भडक आणि छपाई चकचकीत. वर '300 टीसी' छापलेलं असतं. टीसी म्हणजे एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज, तो धागा कशाचा आहे हे त्यातून कळत नाही. दुकानात चादर जाळून बघता येत नाही, पण वजन करता येतं. 90 बाय 100 इंचांची चादर म्हणजे सुमारे 5.8 चौरस मीटर कापड. चौरस मीटरला 120 ग्रॅमचं सुती कापड धरलं तर नुसती चादर 700 ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. उशीच्या अभ्र्यांसकट अख्खा सेट 600 ग्रॅम भरत असेल तर विचारा. मे महिन्यात वीज गेल्यावर अशा चादरीवर झोपून बघा म्हणजे तिची खरी ओळख पटेल.

अंगाला काय होतं. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के बाष्प धरून ठेवतं, पॉलिस्टर 0.4 टक्के. 200 ग्रॅमचा कुर्ता धरा. सुती असेल तर तो 17 ग्रॅम बाष्प सहज सामावून घेतो आणि तरी हाताला कोरडा लागतो. पॉलिस्टरचा एक ग्रॅमही धरत नाही. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत घाम लवकर उडून जात नाही, तो कापडाने घ्यावा लागतो. कापड घेत नसेल तर तो अंगावरच राहतो : काखेत, कमरेच्या नाड्याखाली, मांड्यांच्या सांध्यात. घामोळं आणि नायट्याला तिथेच जागा मिळते. खेळाच्या टी-शर्टांचं पॉलिस्टर घाम पसरवून वाळवण्यासाठी विणलेलं असतं हे मान्य, पण त्यासाठी वारा लागतो. सकाळच्या 8:14 च्या लोकलमध्ये वारा कुठला? शिवाय पॉलिस्टर पाणी धरत नसलं तरी अंगाचं तेल धरतं, म्हणून धुतलेल्या कपड्यालाही इस्त्री फिरताच वास सुटतो.

ब्लाउज आणि अस्तर. 'टू बाय टू' म्हणजे कॉटन, असं अनेक बायका धरून चालतात आणि तुमच्यातले बरेच जण ती समजूत तशीच राहू देतात. टू बाय टूचा अर्थ इतकाच की उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुपदरी आहेत. तो दुपदरी धागा पूर्वी सुताचा असायचा. आता तेच शंभर रंगांचं शेडकार्ड पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात मिळतं आणि नाव तेच राहिलंय.

अस्तराचा घोळ यापुढचा. सुती ब्लाउजला सुती अस्तर मागितलं तर अनेक दुकानांत क्रेप किंवा सांटून, म्हणजे कृत्रिम धाग्याचं अस्तर, पुढे करतात, कारण सुती अस्तर ठेवणंच बंद केलंय. मग काय होतं ते बघा. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 टक्के आटलं तर 36 इंचाच्या छातीवर इंचभर कमी होतं. पॉलिस्टर अस्तर आटत नाही. बाहेरचं कापड आत ओढलं जातं, अस्तर फुगतं आणि कटोरीखाली झोळ येतो. उलट बाहेर पॉलिस्टर आणि आत न भिजवलेलं सुती अस्तर असलं की ब्लाउज आतून आवळतो, हुक लागत नाहीत. दोन्ही कापडं सुती असतील तर शिंपी ती रात्रभर भिजवून, वाळवून, मग कापतो, आणि हा प्रश्नच उरत नाही. पॉलिस्टर भिजवून काही साधत नाही. इस्त्रीचंही तसंच. सुताला लागणारी 200 अंशांची इस्त्री मिसळीच्या कापडावर फिरली की शिवणीच्या जाडीवर चमक उठते आणि ती पुन्हा जात नाही.

मिसळीच्या कापडाला कोपरावर, काखेत बारीक गोळे येतात तेही याच कारणाने. घासून सुताचे तंतू तुटतात, पण पॉलिस्टरचे चिवट तंतू त्यांना धरून ठेवतात. निखळ सुतावर तेच तंतू झडून गेले असते.

ओट्याजवळचा गाऊन. हा मुद्दा आम्हाला सगळ्यात जास्त छळतो. घरात बाई दिवसभर गाऊन घालून गॅसपाशी उभी असते. सूतही पेटतं, झरझर पेटतं, ते सुरक्षित आहे असं कुणी म्हणू नये. पण पॉलिस्टर 250 ते 260 अंशांच्या दरम्यान वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. ओढून काढलं तर कातडीसकट निघतं. मिसळीचं कापड आणखी वाईट, कारण त्यातलं सूत दिव्यातल्या वातीसारखं काम करतं. वितळलेलं पॉलिस्टर खाली गळून पडण्याऐवजी सुताच्या जाळीत अडकून जळत राहतं. सुती आहे या भरवशावर ती बाई तो गाऊन घेते. तुमच्या मालाला दिलेल्या खोट्या नावाचा हा परिणाम आहे, कृपा करून एवढं लक्षात घ्या.

गणवेश थोडक्यात. पँट-स्कर्टसाठी 67 टक्के पॉलिस्टर आणि 33 टक्के व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला रेयॉनचा धागा), शर्टासाठी त्याच प्रमाणात पॉलिस्टर-कॉटन, खेळाच्या तासाला निखळ पॉलिस्टर, हे ठरून गेल्यासारखं झालंय. शाळा कापड ठरवते हे खरं. पण शाळेपुढे नमुने तुम्ही ठेवता. त्यात एक तरी नमुना जास्त सुताचा ठेवा, त्याची किंमत लिहा आणि निवड पालकसभेत होऊ द्या. पंख्याखाली चाळीस-पन्नास मुलं बसतात त्या वर्गात याने फरक पडतो.

आता खाडीचं. पॉलिस्टर कच्च्या तेलातून येणाऱ्या दोन रसायनांपासून बनतं. वितळलेला लगदा शेवयांच्या साच्यासारख्या बारीक भोकांतून दाबून त्याचे धागे काढतात. ते धुण्याच्या यंत्रात घासले की तुटतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने 2016 मध्ये मोजून अंदाज मांडला : 6 किलोच्या एका धुण्यातून पॉलिस्टरचे सुमारे 4 लाख 96 हजार तंतू सुटतात, पॉलिस्टर-कॉटनचे 1 लाख 38 हजार, ॲक्रिलिकचे 7 लाख 28 हजार. सुताचेही तंतू सुटतात, पण ते कुजतात. पॉलिस्टरचे कित्येक दशकं तसेच राहतात.

हे पाणी मलप्रक्रिया केंद्रात जातं. तिथे बहुतेक तंतू गाळात अडकतात आणि गाळाबरोबर जमिनीवर जातात. उरलेले, आणि जिथे सांडपाणी प्रक्रियेविना नाल्यात सुटतं तिथले सगळेच, खाडीत जातात. ही ठाण्याची खाडी. 2015 मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, ऑगस्ट 2022 मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. फ्लेमिंगो चोच उलटी धरून पाणी आणि चिखल गाळून खातो. त्या गाळणीपर्यंत आपल्या घरातून काय पोचतंय याचा हिशेब आपण सगळ्यांनीच करायला हवा, आणि त्यात घेणाऱ्याइतकाच विकणाराही येतो.

चिंधीचा प्रश्न रोजचा. सुती चिंधी गॅरेजवाले मागून नेतात, जुन्या लुगड्याची गोधडी होते, बाळाची दुपटी होतात, शेवटी पोतेरं होतं आणि मग ते मातीत जातं. पॉलिस्टरच्या जुन्या ओढणीने फरशी पुसून बघा, पाणी नुसतं इकडून तिकडे सरकतं. म्हणून ती थेट कचऱ्यात जाते, नाल्यात गेली तर जाळीला गुंडाळून बसते. मिसळीच्या कापडातून सूत आणि पॉलिस्टर पुन्हा वेगळं करणं अवघड आणि खर्चिक आहे. नवी मुंबई महापालिकेने जुन्या कपड्यांच्या पुनर्वापराचं काम हाती घेतलंय. तिथे वर्गवारी करणाऱ्या बाईच्या हातात येणाऱ्या कपड्यावर खरी टक्केवारी छापलेली असली, तर तिचं अर्धं काम सोपं होईल.

कापूस धुतल्या तांदळासारखा आहे असा आमचा दावा नाही. त्याला पाणी लागतं, फवारण्या लागतात, त्याच्या रंगाईत मीठ आणि पाणी ढिगाने जातं. पण महाराष्ट्रातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये ठरला, आणि त्याच हंगामाच्या तोंडावर परदेशी कापसावरचं आयातशुल्क 2025 च्या अखेरपर्यंत उठवलं गेलं. यवतमाळचा शेतकरी भावासाठी झगडतोय आणि इथे त्याच्या पिकाचं नाव लावून तेलाचा धागा विकला जातोय.

'लोकांना इस्त्री नको, स्वस्त हवं' असं तुम्ही म्हणता. असेल. पण मग तसं सांगून विका. 'हे 65 टक्के पॉलिस्टर आहे, इस्त्री लागणार नाही, स्वस्त पडेल' असं ऐकून ज्याला घ्यायचं तो घेईलच. आणि 'माल मिळत नाही' हेही पटत नाही. बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीचे यंत्रमाग आहेत. मागाला सूत घातलं तर तो सुती कापड विणतो. कोणता धागा घालायचा हे मागणी ठरवते, आणि मागणी तुम्ही नोंदवता.

गिऱ्हाईकांनाही इथेच सांगून ठेवतो, कारण हे पत्र तेही वाचतील. ताग्याच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा, असे दोन्ही धागे घ्या. पुष्कळदा उभा पॉलिस्टरचा आणि आडवा सुताचा असतो, एकच तपासला तर फसाल. घरी, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून जाळा. जळक्या कागदाचा वास आणि बोटाने चुरगळणारी करडी राख आली तर सूत. काळा धूर आणि कडक गोळी आली तर पॉलिस्टर. राखेत कडक खडे लागले तर मिसळ. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. रेयॉन मात्र या परीक्षेत सुतासारखंच जळतं. त्यासाठी धाग्याचा मध्य ओला करून ताणा. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं आणि ओल्या जागीच तुटतं, सूत ओलं झालं की उलट बळकट होतं. पाण्याच्या थेंबाच्या परीक्षेवर नव्या कापडात विसंबू नका. खळ आणि सिलिकॉनमुळे सुतावरही थेंब थांबतो. वाद झालाच तर प्रभादेवीला केंद्र सरकारच्या टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे. 75 टक्के गंधकाम्लात सूत विरघळतं, पॉलिस्टर उरतं, आणि उरलेल्याच्या वजनावरून टक्केवारी निघते.

आमच्या मागण्या अशा :

1. 'कॉटन' हा शब्द फक्त 100 टक्के सुती मालावर. बाकी सगळ्यावर तंतूंची नावं आणि टक्केवारी, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात, ताग्यावर आणि फळीवरही. 'ग्लेस कॉटन', 'कॉटन फील' असले शब्द फलकावरून आजच काढा.

2. गिऱ्हाईकाच्या बिलावर तीच टक्केवारी लिहा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मालाचा दर्जा आणि शुद्धता जाणून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

3. कडेचा धागा ओढू द्या. सांगितलेलं खोटं निघालं तर कापलेलं कापडही परत घ्या.

4. सुती अस्तर, सुती टू बाय टू, केम्ब्रिक, पॉपलिन आणि मलमल यांची एक फळी बारा महिने भरलेली ठेवा.

5. गाऊन, लहान बाळांचे कपडे आणि चादरी, या तीन गोष्टींत सर्वांत आधी सुरुवात करा.

गुढीपाडव्याच्या खरेदीआधी हे झालेलं आम्हाला बघायचंय. जिथे फलक बदलेल त्या दुकानाचं नाव आम्ही आमच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगू. जिथे बदलणार नाही तिथलं बिल आणि धागा घेऊन ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार कशी करायची, तेही सांगू. तुमच्या नोकरांना जाळून-भिजवून कापड ओळखायला शिकवायचं असेल तर निरोप द्या. दुकान बंद झाल्यावर तासभर येऊन विनामूल्य शिकवू. चिमटा आणि काडेपेटी आम्ही आणू, तागे तुमचे.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतले काही शिंपी, कापड तपासनीस आणि गिऱ्हाईक